नीळ आणि निरंक

निर्मळ विहार सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मागचे तळे हिरवे झाले, तेव्हा त्याचा दोष आम्ही पलीकडच्या पाड्यातल्या बायकांवर सर्वानुमते टाकला. 'सर्वानुमते' हा शब्द इतिवृत्तात मीच लिहिला. त्या सभेला सात माणसे होती आणि त्यातली दोन लिफ्टची वाट बघत उभी होती. पण इतिवृत्ताला एवढे बारकावे सोसत नाहीत.

बोईसरहून तारापूरकडे जाताना डाव्या हाताला आमच्या तीन इमारती दिसतात. त्यांच्या मागे तळे, तळ्याच्या पलीकडे पाडा. पाड्याच्या बाजूला कपडे धुवायचे चार दगड आहेत. ते आमच्या इमारतींच्या आधीपासून आहेत, कदाचित बोईसरच्याही आधीपासून असतील. पावसाळ्यानंतर तळे दोन-तीन महिने बरे दिसते. बिल्डरने माहितीपत्रकावर छापलेला 'लेक व्ह्यू' याच दिवसांतला असावा. फेब्रुवारी उजाडला की त्याची पालकाची पातळ भाजी होऊ लागते आणि खिडक्या बंद कराव्या लागतात.

मी संस्थेचा सचिव. नाव कैलास देवळे. मूळचा उदगीरचा, गेली बावीस वर्षे इकडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे स्टोअर सांभाळतो. रसायनशास्त्राचा बीएस्सी आहे. हे मी सहसा सांगत नाही, कारण सांगण्याआधीच भावना, म्हणजे माझी बायको, "यांचं बीएस्सी झालंय" असे अशा सुरात सांगते की ऐकणाऱ्याला ते एखादे ऑपरेशन वाटावे.

तर मी अर्ज लिहिला. 'पाड्यातील महिलांच्या वस्त्रप्रक्षालनामुळे तलावाचे जल दूषित होत असून, तलावास तारेचे कुंपण घालून सदर प्रकारास मज्जाव करावा.' वस्त्रप्रक्षालन हा शब्द अध्यक्ष शांताराम बोरोले यांना फार आवडला. बोरोले निवृत्त आहेत, जळगावकडचे आहेत आणि बारा महिने पांढरा झब्बा, पांढरा पायजमा घालतात. त्यांच्या बाल्कनीकडे पाहिले की कोणीतरी शांततेची बोलणी करायला आल्यासारखे वाटते.

अर्ज पालघरला गेला, तीन टेबले फिरला आणि 'पुरावा जोडावा' एवढा शेरा घेऊन परत आला. माझ्या अर्जाला कोणी पुरावा मागेल हे माझ्या स्वप्नातही नव्हते. एवढे शुद्ध लिहिले म्हणजे ते खरेच असणार, असा माझा समज होता.

मग सल्ले सुरू झाले. बी विंगने तुरटी सुचवली. सी विंगने तळ्यात गप्पी मासे सोडायला सांगितले. ते डासांसाठी असतात म्हटल्यावर "डासही आहेतच की" असे उत्तर आले. बोरोल्यांनी कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो काढून जोडायला सांगितले. बायकांचे फोटो काढताना पकडला गेलेला सचिव हे दृश्य डोळ्यांपुढे आले आणि मी विज्ञानाकडे वळलो.

विज्ञान म्हणजे प्रियदर्शिनी, भावनाच्या बहिणीची मुलगी. ती मुंबईत पाण्याच्या प्रदूषणावर संशोधन करते. रविवारी जेवायला आली तेव्हा मी विषय काढला.

"बाटली भरून देतो, तपासून दे," मी म्हटले.

"बाटलीत त्या मिनिटाचं पाणी येतं, काका. सकाळी आठला वेगळं, दुपारी वेगळं. तुम्ही सोमवारी भराल आणि कपडे मंगळवारी धुतले असतील, तर काय उपयोग?" असे म्हणून तिने पिशवीतून पांढऱ्या प्लास्टिकची एक चकती काढली. बरणीच्या झाकणाएवढी, मधोमध गोल खिडकी. "यात वर एक पातळ जेल आहे, आगर-आगरसारखं. पाण्यातलं फॉस्फेट त्यातून हळूहळू झिरपतं. खाली दुसरं जेल आहे, त्यात लोखंडाचा गंज. तो फॉस्फेटला धरून ठेवतो, सोडत नाही. तीन दिवस पाण्यात ठेवायची. मग किती धरलं ते मोजायचं."

"म्हणजे फोटो नाही, हजेरीपट," मी म्हटले.

"साधारण तसंच," ती म्हणाली. बावीस वर्षे स्टोअर सांभाळलेल्या माणसाला एवढे पुरेसे होते.

फॉस्फेटच का, हेही तिने समजावले. ते धुण्याच्या पावडरीत असते, सांडपाण्यात असते, शेतातल्या खतात असते. आणि शेवाळाला ते आपल्याला तूप तसे. बोरोल्यांना मी हे सांगितले तेव्हा ते 'धुण्याची पावडर' इथेच थांबले आणि पुढचे त्यांनी ऐकले नाही.

तळ्यात काही ठेवायचे तर ग्रामपंचायतीची परवानगी हवी. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे असते, पण ते स्वतःही स्वतःला ग्रामसेवकच म्हणतात. सज्जन गृहस्थ. त्यांनी दोन्ही कपाटे उघडून पाहिली.

"तळ्यात वस्तू सोडण्याचा आपल्याकडे एकच फॉर्म आहे," ते म्हणाले. "विसर्जनाचा."

"पण हे विसर्जन नाही."

"सोडणार आहात ना?"

"तीन दिवसांनी काढणार आहे."

"सोडण्यापुरता फॉर्म भरा. काढण्याचा फॉर्म नसतो, त्यामुळे परवानगी लागणार नाही."

मूर्तींची संख्या: चार, कारण प्रियदर्शिनीने तेवढ्या चकत्या दिल्या होत्या. उंची: एक इंच. साहित्य या रकान्याशी आम्ही दोघे थबकलो, कारण पीओपीला बंदी होती आणि प्लास्टिकचा तर विचारच कोणी केला नव्हता. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने 'पर्यावरणपूरक (गंज)' असे लिहिले. किती दिवसांची मूर्ती, यात दीड, पाच, सात, अकरा एवढेच पर्याय होते.

"तीन नाही?"

"तीन दिवसांचा गणपती बघितलाय का कुठे? दीडवर खूण करा. दोनदा."

अशा रीतीने मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी चार गणपतींचा यजमान झालो.

चौथी चकती तळ्यात जायची नव्हती. ती कोरी. तिला बाकीच्या तिघींसारखेच वागवायचे, फक्त पाणी दाखवायचे नाही. घरच्या फ्रिजमध्ये झाकणाच्या डब्यात ओलसर ठेवायची. म्हणजे चकतीतच किंवा आपल्या हाताळण्यात काही घाण असेल तर कळते. हे प्रियदर्शिनीने मला दोनदा सांगितले आणि मी दोनदा मान डोलावली.

उरलेल्या तीन लावायच्या कुठे, हे माझ्या डोक्यात पक्के होते. एक धुण्याच्या दगडांशी, एक मध्यावर, एक म्हशी बसतात त्या कोपऱ्यात. बांबू आणि दोरी घेऊन मी पाड्याच्या काठावर पोचलो, तेव्हा दगडावर जिवली होती. पन्नाशीची, पाड्यात तिच्या शब्दाला वजन. माझा अर्ज तिच्या कानावर आधीच गेला होता. तळ्याच्या पलीकडे बातमी पालघरहून परत येण्याच्या आत पोचते.

"काय सोडताव, सायेब?"

"तपासणी आहे. पाण्यात साबण किती ते कळेल."

तिने चकती हातात न घेता, मान वाकडी करून पाहिली. "आमचा साबण आमी कवा लपवला? हा काय बार हाय." तिने दगडावरची वडी दाखवली. झिजून बिस्किटाएवढी झाली होती. "यावर कुंपण घालताव. मंग आमी धुवायचं कुठं? पाड्यात नल हाय, त्याला पानी येतं एक दिवस सोडून. तेवढ्यात प्यायचं का गोधड्या धुवायच्या?"

माझ्या अर्जात तो रकाना नव्हता.

"मोजा," ती म्हणाली. "पन सगलीकडं मोजा. तुमच्या भिंतीखाली पन."

"भिंतीखाली काय आहे?"

"पाइप हाय. तुमचा पावसाचा पाइप. पाऊस चार म्हैनं, पाइप बारा म्हैनं वाहतो."

मी तळ्यावरून आमच्या कुंपणभिंतीकडे पाहिले. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे या बाजूने कधी पाहिले नव्हते. भिंतीच्या पायथ्याशी काळा पाइप होता आणि त्याच्या तोंडाशी पांढरा फेस, दाढी करताना मध्येच दार उघडायला उठल्यासारखा. मला एकाएकी आठ वर्षांपूर्वीची एक सभा आठवली. सगळ्यांनी एकदम वॉशिंग मशीन घेतली होती, सांडपाण्याची लाइन तुंबत होती, आणि प्लंबरने मशीनचे पाणी पावसाळी पाइपला जोडायचे सुचवले होते. 'तात्पुरती व्यवस्था म्हणून सर्वानुमते मंजूर.' अक्षर माझेच.

म्हशींचा कोपरा मी रद्द केला आणि ती चकती भिंतीखाली पाइपपाशी लावली. माणूस तत्त्वनिष्ठ असेल तर असे करतो, आणि समोर जिवली उभी असेल तरीही करतो.

तीन दिवस चकत्या जिवलीने सांभाळल्या. म्हशी हाकलल्या, दोरीला हात लावणाऱ्यांना दम भरला. स्वतःचे धुणे मात्र रोजच्यासारखेच चालू ठेवले. "तुमी मोजताव म्हून मी धुवाचं सोडलं, तर तो हिशेब खोटा होईल ना?" असे तिने मला विचारले. बीएस्सीच्या तीन वर्षांत प्रयोगाचे इतके सरळ सूत्र मला कोणी सांगितले नव्हते.

पाण्याचे तापमान रोज लिहायचे होते, कारण पाणी जितके कोमट तितके जेलमधून झिरपणे जलद. मी घरातला तापमापक नेला. तो माणसांचा असल्याने पस्तिसाच्या खाली काही बोलेना. दोन दिवस मी काठावर बसून, तो पाण्यात धरून, झटकून, पुन्हा धरून पाहिला. तिसऱ्या दिवशी ए विंगच्या गच्चीवरून बोरोल्यांनी विचारले, "तळ्याला ताप आहे का हो, कैलासराव?" संध्याकाळपर्यंत हा विनोद सी विंगला पोचला होता, आणि भावनाने मला कारखान्यातून दुसरा तापमापक आणायला लावला.

रविवारी प्रियदर्शिनी सामान घेऊन आली. जेल बाहेर काढायची, आम्लात बुडवायची, मग त्या आम्लात तिच्याकडचे औषध घालायचे. फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो. जितके जास्त, तितका गडद. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार नळ्या उभ्या राहिल्या. पहिली, दगडांची, फिकी. दुसरी, मध्यावरची, फिकी. तिसरी, भिंतीची, बऱ्यापैकी निळी. चौथी, फ्रिजमधली, जी कोरी राहायला हवी होती, ती शाईसारखी.

म्हणजे बोईसर परिसरातले सर्वांत दूषित पाणी आमच्या फ्रिजमध्ये होते.

प्रियदर्शिनीने चौथीचा डबा उचलून आतून हुंगला. मग तिने विचारले, "काका, चकतीचा डबा आणि चिमटा धुतला होता का?"

"अर्थात. दोनदा. चांगला घासून."

"कशाने?"

प्रश्नाचे उत्तर ओट्यावरच होते. सिंकच्या कडेला, निळ्या पाकिटात, लिंबाच्या चित्रासह. चौथीला कोरे ठेवायचे म्हणून तिचा डबा मी सर्वांत जास्त घासला होता.

"यांचं बीएस्सी झालंय," भावना म्हणाली.

सगळे पुन्हा करणे आले. तळ्यात दुसऱ्यांदा उतरायचे म्हणजे दुसरी परवानगी. ग्रामसेवक म्हणाले की एका घरचे एका वर्षात दोनदा विसर्जन होत नाही, शिवाय आधीच्या चार मूर्तींपैकी तीनच सोडल्याची चर्चा त्यांच्या कानावर आली होती. चौथी कुठे?

"फ्रिजमध्ये."

त्यांनी पेन खाली ठेवले. पंधरा मिनिटे मी त्यांना कोऱ्या चकतीचे महत्त्व समजावत होतो. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे निरंक," ते म्हणाले. "आम्हीसुद्धा पाठवतो की. दर महिन्याला माहिती मागवतात. नसेल तर निरंक कळवायचं. न कळवलं तर असलेल्यांच्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही." प्रियदर्शिनीच्या विद्यापीठातही हे कोणी इतके नेमके सांगत नसावे. परवानगी मिळाली, माघी गणपतीचे राहिलेले विसर्जन म्हणून.

दुसऱ्या खेपेला मी कशालाच हात लावला नाही. डबे प्रियदर्शिनीने आम्लाने आणि शुद्ध पाण्याने धुऊन आणले. चकत्या जिवलीने लावल्या, आणि भिंतीखालची लावताना फेस हाताने बाजूला केला. मग तो हात माझ्यासमोर पदराला पुसला, हे मला जास्त लागले.

निकाल सभेतच दाखवायचा, असे बोरोल्यांनी ठरवले. नळ्या मी खाली पार्किंगमध्ये, क्लब हाउसच्या टेबलावर मांडल्या. क्लब हाउस म्हणजे तेच पार्किंग. जिवलीला मी बोलावले होते. ज्याने चकत्या लावल्या त्याने हजर असावे, असे मी सांगितले, आणि बोरोल्यांना आक्षेप घेता येईना. ती खुर्चीवर बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

चौथी नळी पाण्यासारखी स्वच्छ होती. निरंक. पहिल्या दोनमध्ये अगदी फिकट निळसर छटा. तिसरी, भिंतीखालची, इतकी निळी की मागचा कागद दिसेना.

प्रियदर्शिनीने आकडे सांगितले. भिंतीखाली दगडांच्या नऊपट. मी आठ वर्षांपूर्वीचे इतिवृत्त वाचून दाखवले, माझ्या सहीसकट. मला वाटले, विज्ञान जिंकले.

मग बोरोले उठले. तिसरी नळी उचलून त्यांनी उजेडात धरली.

"हा रंग सगळ्यांनी बघा. हे काय आहे? नीळ. कपड्यांना घालायची नीळ. आता मला सांगा, तळ्यावर कपडे कोण धुतं?" आणि ते खांबाकडे बघत राहिले.

"काका, तो रंग माझ्या औषधाचा आहे," प्रियदर्शिनी म्हणाली. "नीळ नाही ती. फॉस्फेट असलं की—"

"बाळ, मी चाळीस वर्षं नीळ बघतोय."

माना हलू लागल्या. नळी हातोहात फिरली, प्रत्येकाने ती ओळखली. नऊपटचे आकडे टेबलावर पडून राहिले. कुंपणाचा ठराव पुन्हा येतोय हे मला स्पष्ट दिसत होते, आणि प्रियदर्शिनीने समजावायला सुरुवात केली की लोक आणखी ठामपणे माना हलवत होते.

"सायेब," जिवली खांबापासून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "नीळ कशाला घालतात?"

"पांढऱ्या कपड्याला," बोरोले म्हणाले.

"आमच्या पाड्यात पांढरा कापड दाखवा. एक."

पार्किंगच्या उघड्या बाजूने पलीकडचा काठ दिसत होता. दगडांवर वाळत घातलेले होते लाल, हिरवे, चौकडीचे, विटलेले, फुलाफुलांचे. मग सगळ्यांच्या माना, कोणी न सांगता, वर वळल्या. ए विंग, दुसरा मजला. सात झब्बे, सात पायजमे, वाऱ्यावर.

बोरोल्यांनी नळी टेबलावर ठेवली, हळूच, चौथीच्या शेजारी.

कुंपणाचा ठराव मागे घेतला आणि मशीनचे पाणी सांडपाण्याच्या लाइनला परत जोडायचा ठराव मंजूर झाला. सर्वानुमते, या वेळी खरोखरच, मी माना मोजल्या. प्रियदर्शिनी मात्र हिरमुसली. "पण ते चुकीच्या कारणाने पटलं ना, काका," ती जेवतानाही म्हणत राहिली. मी तिला आणखी वरण वाढले. एवढे नेमके जेल, एवढा गंज, नऊपटचे आकडे, आणि खटला जिंकला तो नसलेल्या निळीने.

पालघरला मी नवा अर्ज पाठवला: 'तक्रारदार व तक्रारीचे कारण एकच असल्याचे निष्पन्न झाल्याने तक्रार मागे घेण्यात येत आहे.' असला अर्ज त्या टेबलांनी पूर्वी पाहिला नसावा. त्यावर शेराच आला नाही. ग्रामसेवकांनी मूर्तींचा हिशेब बंद करताना शिल्लक या रकान्यात निरंक लिहिले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी एक जाणकार दुसऱ्याकडे टाकतो.

पाइप जोडायला प्लंबरने तीन तारखा दिल्या, चौथीला आला. भिंतीखालचा फेस गेला. तळे अजून हिरवेच आहे. प्रियदर्शिनी म्हणते, तळाशी आठ वर्षांचे साठले आहे, एवढ्यात जायचे नाही. निर्मळ विहारात मात्र एक बदल ताबडतोब झाला. पावडर पूर्वीइतकीच वापरतात, पण तिन्ही विंगमध्ये नीळ कोणी घालत नाही. बोरोल्यांचे झब्बे हल्ली साबुदाण्याच्या खिचडीच्या रंगाचे दिसतात. माझ्या घरीही, सचिवाने आदर्श घालून द्यावा म्हणून, भावनाने निळीची बाटली टाकून दिली.

परवा सकाळी कामावर निघताना तळ्याकडच्या वाटेने गेलो. जिवली दगडावर गोधडी आपटत होती. मला पाहून थांबली, माझा पांढरा शर्ट कॉलरपासून खालपर्यंत नीट बघितला.

"नीळ संपली का, सायेब?"

"निरंक," मी म्हटले, आणि पुढे निघालो.